लंगड्या लूमची कवायत

हिरामणला झोप लागली नाही अशी जागा भिवंडीत शोधूनच काढावी लागली असती. न्हाव्याच्या खुर्चीत तो झोपायचा, रेशनच्या रांगेत उभ्याउभ्या झोपायचा. रविवारी सकाळी पाळकसाहेब "डोळे मिटू या, प्रार्थना करू या" म्हणाले, की त्यातला पहिला अर्धा भाग तो इतक्या मनापासून पाळायचा की दुसऱ्या अर्ध्यापर्यंत पोचायचाच नाही. आमेन होऊन मंडळी गीताला उभी राहायची, आणि हिरामण आपला मान खाली घालून बसलेला. मागच्या बाकावरून ठकुबाई म्हणायची, "लेकरू किती भाविक आहे बघा." ठकुबाईची नजर अधू होती. बायकांच्या बाजूला बसलेल्या तुळजाची, म्हणजे हिरामणच्या बायकोची, नजर मात्र शाबूत होती. ती नुसती एकदा खोकायची. तेवढ्यानं तो दचकून उठायचा आणि गीताच्या तिसऱ्या कडव्याला पहिलं कडवं म्हणायला लागायचा.

झोपेत त्याचं सगळं अंग मेल्यासारखं पडून राही, पण उजवा पाय चालू राही. टाच खाली आपटायची. सात ठोके सरळ, आणि आठवा जरा दम खाऊन. पुन्हा सात, पुन्हा दम. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तुळजा घाबरली होती. तिला वाटलं, नवऱ्याला काहीतरी बाधा आहे आणि सोयरीक करताना लपवली आहे. मग शेजारणींकडून कळलं की या गल्लीतल्या निम्म्या नवऱ्यांचं असंच आहे. कुणाचे हात हलतात, कुणी झोपेत तुटलेला धागा जोडतो. तेव्हापासून ती दोघांच्या मधे गोधडीची वळकटी ठेवून झोपायला लागली.

लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं, काम बारा तासांचं. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सुट्टी शुक्रवारची, पण त्या दिवशी सगळ्या गावालाच सुट्टी, त्यामुळे रॉकेलची रांग, दळणाची रांग आणि पाहुणे असं सगळं त्याच दिवशी. उरला रविवार. दिवसपाळी असली की रविवारपुरती ती कुणाशी तरी बदलून घ्यायची. रातपाळीच्या आठवड्यात रविवारी सकाळी आठला सुटायचं, साडेनऊला उपासना, दुपारी जेवून तास-दीड तास पडायचं, आणि चार वाजता रामनाथमामांकडून आलेले, टाचेला लोखंडी नाल ठोकलेले बूट घालून प्रार्थनामंदिराच्या अंगणात हजर. कारण हिरामण हा मंडळीच्या बालवीर दलाचा कप्तान होता. साल अठ्ठ्याण्णव. वय एकोणतीस. दिसायचं चाळिशीचं.

त्या रविवारी त्याच्या खिशात एक कागद होता. तीन रविवार तो खिशातच जात-येत होता आणि घड्यांवर मऊ पडला होता. आत लिहिलं होतं, "पाळकसाहेबांना सलाम. मी थकलो आहे. दलाच्या कामातून मला मोकळं करावं ही विनंती. आपला, हिरामण."

कागद तुळजाच्या सांगण्यावरून लिहिला होता. ती भांडली नव्हती. एवढंच म्हणाली होती, "पोरीला शाळेत विचारलं, तुझे पप्पा काय करतात. ती म्हणाली, झोपतात. बाई मला विचारतात, आजारी आहेत का?"

त्याच रात्री त्यानं कागद लिहिला. पण कागद दिला तर दल बंद पडणार हेही त्याला माहीत होतं. बावीस पोरांचं दल नऊवर आलं होतं. मंडळीतले बाकीचे बापे एक तर लूमवर होते, नाहीतर म्हातारे होते, आणि उरलेले एकटे पाळकसाहेब, त्यांचे गुडघे गेलेले. दल बंद पडलं असतं तर जगाचं काही बिघडलं नसतं. हिरामणचं बिघडलं असतं, आणि ते का, हे सांगायला सतरा वर्षं मागे जावं लागतं.

हिरामणचा बाप नगरकडून भिवंडीला लूमवर आला तेव्हा हिरामण कडेवर होता. मंडळीतली बहुतेक घरं तशीच आलेली. प्रार्थनामंदिर म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, पुढे अंगण, आणि अंगणाला लागून हारूनशेठचा चोवीस लूमचा कारखाना. हारूनशेठ खाडीकाठचे जुने कोकणी मुसलमान. त्यांच्या आज्याच्या वेळी तिथे भाताचं खळं होतं म्हणे.

नगरपालिकेच्या शाळेत कवायत शिकवणारे रामनाथमामा मंडळीतलेच. बाहेरच्या माणसाला नवल वाटायचं, ख्रिस्ती आणि रामनाथ? मामा म्हणायचे, "बाप्तिस्मा आज्यानं घेतला, रेशनकार्ड तेच राहिलं." त्यांनी ऐंशी साली दल काढलं. मंडळीची पोरं रविवारी दुपारी गोट्या खेळतात आणि त्यात शिव्या शिकतात, त्यापेक्षा कवायत करतील, वचनं पाठ करतील, शेवटी एकेक केळं खातील, असा साधा हिशेब. केळ्यामुळे पहिल्याच रविवारी अठरा पोरं आली. हिरामण तेव्हा अकरा वर्षांचा.

मामांनी शिट्टी फुंकली. लूमवरचे कारागीर खिडकीशी जमले. धागे तुटले. हारूनशेठ लुंगी सावरत अंगणात आले.

"मास्तर, तुझ्या शिट्टीनं माझा माल खराब व्हतो."

"आणि शेठ, तुमच्या खडखडाटानं माझा हुकूम पोरांना ऐकू जात नाही."

"मग रविवार बंद ठेवू का कारखाना? शुक्रवारी मी बंद, रविवारी तू बंद, मग कापूस परत झाडावर चिकटवतो."

दोघेही मुळातले बरे, त्यामुळे तह झाला. शिट्टी वाजवायची नाही. मामांनी हात वर करून पांढरा रुमाल दाखवायचा म्हणजे चालू, रुमाल खाली म्हणजे थांब. बदल्यात शेठ दलाच्या गणवेशाला कापड देणार. कापड आलं ते लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं, कोरं. बाकी जगातल्या दलांचे सदरे पांढरे असायचे, भिवंडीच्या दलाचे ताकाच्या रंगाचे. आयांना ते फार आवडले, कारण मळले तरी कळायचं नाही.

मामांची शिट्टी तेव्हापासून गळ्यात लटकत राहिली आणि वाजली कधीच नाही. ढोल घ्यायला पैसे नव्हते, आणि गरजही पडली नाही. महिन्याभरात पोरं अशी पाय मिळवून चालायला लागली की मामा स्वतःच चकित. ते पाळकसाहेबांना म्हणाले, "लोकांना ढोल लागतो. आपली पोरं रुमालावर चालतात."

पोरं कशावर चालत होती हे मामांना कळलं नव्हतं. पोरांनाही कळलं नव्हतं. खिडकीजवळचा लूम सगळ्यांत जुना होता. बाकीच्या तेवीसांचा नुसता कालवा व्हायचा, पण याचा ठोका जाड, सावकाश, अगदी अंगणात पडल्यासारखा. त्याच्या एका चाकाचा दात झिजलेला, त्यामुळे सात ठोके सरळ जायचे आणि आठवा अडखळून यायचा. कारागीर त्याला लंगडा म्हणायचे. अठरा पोरांचे छत्तीस पाय त्या लंगड्यावर पडत होते आणि दर आठव्या पावलाला सगळी रांग किंचित अडखळून पुढे जात होती. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. मामांना वाटायचं, माणूस असाच चालतो.

एक्याऐंशीच्या डिसेंबरात ठाण्याला सात दलांचा मेळावा भरला. हिरामण रांगेच्या उजव्या टोकाला पहिला. आईनं त्याच्या टोपीला आतून पुठ्ठा लावून दिला होता. मैदान मोठं, वर आभाळ, आणि भयंकर शांत. भिवंडीच्या पोरांनी तशी शांतता कधी ऐकलीच नव्हती. शुक्रवारी यायची थोडी, पण तेव्हा कवायत नसायची. एकेक दल आपापल्या ढोलावर डौलात गेलं. मग भिवंडीचं नाव पुकारलं. मामांनी छाती काढली आणि रुमाल वर केला.

अठरा डावे पाय उचलले गेले.

उचलले, आणि तसेच राहिले. ठेवायचा कधी? मामांनी रुमाल हलवला. जोरात हलवला. पोरं एका पायावर उभी, बगळ्यांसारखी, कान टवकारून. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. शेवटी दोन-तीन पाय आपापल्या सवडीने पडले, एकजण शेजाऱ्यावर कलला. मामांचा चेहरा हिरामणला अगदी समोर दिसत होता. माणसाचा चेहरा असा आत-आत जाताना त्यानं आधी फक्त एकदा पाहिला होता, बापाला कारखान्यातून काढलं तेव्हा.

हिरामणला काही सुचलं असं नाही. त्याचं तोंड आपोआप सुरू झालं. "खट. खट. खट. खट." शेजारच्यानं ते उचललं. मग त्याच्या शेजारच्यानं. अठरा पोरं दाताआडून खटखट करायला लागली आणि पाय आपोआप पडायला लागले. भिवंडीचा कारखाना ठाण्याच्या मैदानावर चालू झाला. सात पावलं सरळ, आठव्याला सगळी रांग अडखळली आणि पुढे गेली. पुन्हा सात, पुन्हा अडखळ. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असं गेलं.

परीक्षक होते एक निवृत्त सुभेदार. त्यांनी निकालाच्या कागदावर शेरा लिहिला, "सर्व मुले एकाच जागी अडखळतात. एकी उत्तम." आणि नंबर दिला सातवा.

एस. टी.त मामा कशेळीच्या पुलापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. पोरांनीही केळी हातात धरून ठेवलेली, सोलायचं धाडस नाही. पूल आला, खाडीचं वारं लागलं, तशी मामांनी हिरामणच्या डोक्यावरची टोपी काढली, आतला पुठ्ठा पाहिला, परत नीट घातली आणि म्हणाले, "तू नसतास तर आपण अजून तिथंच एका पायावर उभे असतो."

मग पोरांनी केळी खाल्ली.

वाक्य एवढंच. पण अकरा-बारा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसानं असं वाक्य सांगू नये. ते जन्माला पुरतं. हिरामणला आयुष्यात पुढे कुणी असं काही म्हटलं नाही. शाळेनं नाही, कारखान्यानं तर नाहीच. चौऱ्याऐंशीत तो हारूनशेठकडे कामाला लागला आणि शेठनी विचारलं, कुठला लूम घेतोस, तेव्हा त्यानं लंगडा मागितला. बाकीचे हसले, कारण लंगड्यावर माल कमी निघायचा. चौदा वर्षं तो त्या लूमपुढे उभा राहिला. कप्तान होईपर्यंत रविवारची कवायत त्याला खिडकीतून दिसायची, आणि पोरं आपल्या धोट्यावर चालताहेत हे बघून त्याचा धागा तुटायचा. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. हिरामणचं आयुष्यही तसंच झालं होतं, घर ते कारखाना, कारखाना ते घर, आणि मधे रविवारी अंगण.

ब्याण्णव साली मामांनी शिट्टी आणि नालाचे बूट त्याच्या स्वाधीन केले. "नगरला लेकीकडं जाऊन येतो. फक्त सहा महिने सांभाळ." मामा परत आले नाहीत. वर्षाच्या आत वारल्याचं पत्र आलं. त्या सहा महिन्यांना आता सहा वर्षं झाली होती. बूट एक नंबर मोठे होते आणि ते बदलण्याचं हिरामणच्या कधी मनात आलं नाही.

तर त्या रविवारचं. आदल्या सोमवारी हारूनशेठनी चोवीस लूम भंगारात काढले होते. लंगडा पहिल्या हातगाडीत गेला. शेठ स्वतः दाराशी उभे होते.

"काय करू रं हिरामण? सुताचा भाव, विजेचं बिल. धंदा उरला न्हाय. वळ गावाला, दापोड्याला बघ, गोदामं उठलीत. मी पन भाड्यानं देनार. खोकी ठेवतील. खोकी आवाज करत न्हाईत."

हिरामणला दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं. तिथले लूम सगळे नीट चालायचे. त्यानं त्याला जास्तच थकवा यायला लागला.

चार वाजता तो अंगणात आला तेव्हा नऊ पोरं उभी होती. पाळकसाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हिरामणनं एकदम कागद काढून त्यांच्या हातात दिला. उशीर केला असता तर तो परत खिशात गेला असता.

"काय आहे?"

"वाचा साहेब."

"चष्मा आत राहिला." पाळकसाहेब गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "आलोच. तोवर पोरांना चालव."

हिरामणनं रुमाल वर केला. नऊ डावे पाय उचलले गेले आणि तसेच राहिले.

त्याला आधी कळलंच नाही. मग भिंतीपलीकडची शांतता ऐकू आली. कान कामातून गेलेल्या माणसालाही ऐकू येईल अशी ती होती. त्यानं गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती वाजली. पोरं दचकली आणि एकमेकांकडे बघायला लागली, कारण शिट्टीचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

"कप्तान, काय झालं?" सादिकनं विचारलं. सादिक हारूनशेठचा धाकटा नातू. वचनांच्या वेळी तो पलीकडे चेंडू खेळायचा, पण कवायतीला आणि केळ्याला पहिला. शेठ म्हणायचे, "जाऊ दे, कापड आपलंच हाय."

"काही नाही. पाय खाली ठेवा. थांबा जरा."

तोंडानं खटखट करावं असं हिरामणच्या मनात आलं. पण रातपाळी करून आलेला घसा, त्यात दुपारची झोप अर्धवट. त्याच्यात तेवढी खटखट उरलेली नव्हती. आता हे कशाला, असं त्याला वाटलं. कागद तर दिलाच आहे. ओट्याच्या कडेला गणवेशांची पत्र्याची जुनी पेटी पडली होती. तो भिंतीला टेकून ओट्यावर बसला, बुटातले पाय पेटीवर ठेवले आणि डोळे मिटले. साहेब चष्मा घेऊन येईपर्यंत, दोन मिनिटं.

पाळकसाहेबांना चष्मा शोधायला बराच वेळ लागला, कारण तो त्यांच्या कपाळावर होता. ते बाहेर आले तेव्हा पेटीवर नालाची टाच पडत होती. पेटी अर्धी रिकामी असल्यानं आवाज थेट अंगणभर. सात ठोके सरळ, आठवा दम खाऊन. आणि अंगणात नऊ पोरं चालत होती. सगळ्यांत पुढे सादिक. भिंतीशी वळण घेऊन परत यायची, आठव्या पावलाला सगळी एकदम अडखळायची आणि पुढे जायची. कुणी हुकूम देत नव्हतं. कप्तान घोरत होता.

पाळकसाहेबांनी कागद वाचला. मग खुर्ची हिरामणच्या अंगावर सावली पडेल अशी सरकवली आणि बसून राहिले.

पाऊण तासानं टाच थांबली. हिरामणनं डोळे उघडले तर समोर नऊ पोरं ताठ उभी, घामाघूम.

"कुणी थांबवलं तुम्हाला?"

"तुम्हीच थांबलात," सादिक म्हणाला. "आम्ही कधीची वाट बघतोय. केळी कुठंयत?"

हिरामण धडपडून उठला. शरमेनं त्याला पाळकसाहेबांकडे बघवेना. "साहेब, डोळा लागला. म्हणूनच तर लिहून दिलंय."

"वाचलं," पाळकसाहेब म्हणाले. "थकलो आहे असं लिहिलंयस. ते दिसतंय. मोकळं करावं म्हणतोस, केलं. रुमाल पुढच्या रविवारपासून सादिककडं. वचनं मी घेतो, ती बसून घेता येतात. केळी ठकुबाई वाटेल."

हिरामणनं गळ्यातली शिट्टी काढली. ती द्यायची कुणाला, हे न कळून ती हातातच राहिली.

"म्हणजे मी येऊ नको?"

"ये की. कप्तान म्हणून नको, माणूस म्हणून ये. चार वाजता यायचं, पेटीवर पाय ठेवायचा आणि झोपायचं. घरी झोपतोस ते इथं झोप."

यात चेष्टा आहे का, हे हिरामणनं थोडा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. थोडी होती. पण बाकीचं चेष्टेचं नव्हतं. तो पोरांकडे वळला, काहीतरी बोलायला हवं म्हणून. सादिकच्या टोपीची कड मोडली होती, ती त्यानं सरळ केली.

घरी आल्यावर तुळजानं विचारलं, "दिला कागद?"

"दिला."

"मग?"

"मंजूर."

ती भाकरी थापायची थांबली. त्यानं मग पुढचंही सांगितलं, पेटीचं, पायाचं, पाऊण तासाचं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, मग म्हणाली, "सात वर्षं त्या पायाच्या लाथा मी खाल्ल्या. कळलं असतं तर मीच दल काढलं असतं."

आणि मग, पाठमोरीच, "पोरीला घेऊन जा बरोबर. बसेल तुमच्याजवळ. झोपलात तरी चालेल, जवळ तर असाल."

पुढच्या रविवारी चार वाजता हिरामण निघाला. नालाचे बूट, एका हाताला लेक, दुसऱ्या हाताला पिशवी. पिशवी नेहमीपेक्षा फुगलेली होती. गल्लीच्या तोंडाशी त्यानं ती उघडून बघितली. आत तुळजानं उशी घातली होती.